विंटेज गाडीच्या नावाखाली १५,५९,०६० रुपये गेले. ठाणे-नवी मुंबईकरांनो, हे वाचाच

१५,५९,०६० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण बँकेत, पोलीस ठाण्यात, लग्नाच्या पंगतीत सगळे पहिलं तेच विचारतात. त्यानंतर ठरलेलं वाक्य येतं: "पण तुमच्यासारखा माणूस फसला कसा?" यातले ६ लाख माझ्या मेहुण्याचे आहेत. तो आता आमच्याकडे जेवायला येत नाही.

माझ्यासारखा माणूस म्हणजे काय? वागळे इस्टेटला माझं गॅरेज. आयुष्य अँबॅसडर आणि पद्मिनी उघडण्यात गेलं. मी मागवायला निघालो होतो ती एमजीबी ही ब्रिटिश टू-सीटर १९६२ ते १९८० या काळात अॅबिंग्डनला बनली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (महापालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं, आणि आपल्या जुन्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. वर दोन एसयू कार्ब्युरेटर, जे मी डोळे मिटून खोलून लावतो. तेव्हा 'म्हाताऱ्याला स्पोर्ट्स कारचा शौक चढला' असं जे आमच्या सोसायटीत चाललंय ते बंद करा. हा धंद्याचा हिशेब होता. पूर्वी १९५० च्या आधीच्याच गाड्या विंटेज म्हणून आयात करता यायच्या. २०२५ मध्ये नियम सैल झाला आणि ५० वर्षांवरच्या गाड्यांना दार उघडलं. विंटेज नोंदणीचे नियम २०२१ पासून आहेतच: फी २०,००० रुपये, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही वेगळी सिरीज, नोंदणी १० वर्षांची, गाडी फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांसाठी रस्त्यावर काढायची. हे सगळं मी वाचलं होतं. घोडबंदर रोडचा एक बिल्डर तयार केलेल्या गाडीचे ३० लाख देतो म्हणाला होता. मग यात वेडेपणा कुठे आला?

जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही गाडी विकणारा माणूस भेटला. प्रोफाइलवर एका खऱ्या ब्रिटिश डीलर कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक. तो क्रमांक मी ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या, म्हणजे तिकडच्या कंपनी नोंदणी खात्याच्या साइटवर टाकून पाहिला. कंपनी होती, चालू होती. (खऱ्या कंपनीचं नाव लावून हे लोक बसतात. कंपनी खरी निघाली म्हणजे समोरचा माणूस तिथलाच आहे असं नसतं. साइटवर दिलेल्या पत्त्यावरून स्वतः फोन नंबर शोधून फोन करा, त्याने दिलेल्या नंबरवर नको.) आणि तो मराठी बोलायचा. साधंसुधं नाही, ठाण्याचं मराठी. घंटाळीला लहानपण गेलं म्हणाला, तलावपाळीवरच्या बोटींबद्दल बोलला, गडकरीला सध्या कुठलं नाटक लागलंय हे विचारायचा. पहिल्या दिवसापासून "काका". हे सगळं गुगलवर दहा मिनिटांत जमवता येतं हे आज कळतं.

गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर (म्हणजे उघडी, पक्कं छप्पर नसलेली), उजव्या स्टिअरिंगची, तांबडी, क्रोम बंपरची. किंमत ८,८०० पौंड. इथे लक्ष द्या. फुकटात कोणी देत नव्हतं. बाजारभावापेक्षा दीड-दोन हजार पौंडांनी कमी, म्हणजे घासाघीस करणाऱ्या माणसाला आपणच भाव पाडला असं वाटावं इतकीच कमी. ५० टक्के स्वस्त असती तर मी ढुंकून पाहिलं नसतं.

टोकन ५०० पौंड. चार्जेस धरून ५७,६४० रुपये. ते गेल्यावर लॉगबुकचा, म्हणजे तिकडच्या व्ही५सी या नोंदणीच्या कागदाचा फोटो आला. त्यावरचा गाडीचा नंबर मी ब्रिटनच्या डीव्हीएलएच्या, म्हणजे तिकडच्या आरटीओच्या साइटवर टाकला. फुकट तपासता येतं, तुम्हीही करा. एमजी, १९७२, रंग तांबडा. सगळं जुळलं. मी काहीच तपासलं नाही असं म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. पण ती साइट चॅसिस नंबर दाखवत नाही, आणि व्ही५सी हा मालकीचा पुरावा नसतो, तसं त्या कागदावरच छापलेलं असतं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला अजून झोप लागत नाही.

लॉगबुकवर चॅसिस नंबर होता. सुरुवात जीएचडी५. १९८१ च्या आधी १७ आकडी व्हीआयएन (आजचा प्रमाणित चॅसिस नंबर) सगळीकडे नव्हता, प्रत्येक कंपनीची आपली पद्धत. एमजीबीच्या नंबरात जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा गट, आणि तिसरं अक्षर बॉडीचं. एन असेल तर उघडी टू-सीटर. डी असेल तर छपराची जीटी. फोटोत गाडी उघडी, कागदावर छपराची. हे मला त्याच रात्री दिसलं. जेवण झालं होतं, मेहुणा बाजूला बसला होता, मी चष्मा पुसून परत वाचलं. डी. आणि मी गप्प बसलो नाही, लगेच मेसेज टाकला.

उत्तर पाच मिनिटांत: "काका, मानलं तुमच्या नजरेला! आधीच्या मालकाने जीटीचं छप्पर कापून रोडस्टर केलीये. म्हणून तर एवढ्यात मिळतेय, नाहीतर बारा हजारांच्या खाली कोण देतं?"

बघा काय केलं त्याने. माझी शंकाच स्वस्त किमतीचं कारण बनवून टाकली. दोन्ही प्रश्न एकाच दगडात. वर माझी स्तुती. आणि मेहुणा म्हणतो, "भावोजी, किती शंका घ्याल, तो पाठवायला निघालाय आणि तुम्ही अक्षरं मोजताय." अरे, जीटीची पुढची काच रोडस्टरपेक्षा उंच असते! तिची फ्रेमच वेगळी. छप्पर कापल्याने काच बुटकी होत नाही. फोटोतली काच बसकी होती, अस्सल रोडस्टरची. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, दोन बोटांनी मोठा करायचा होता, बस. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या दरवाज्याच्या फटी बघून अॅक्सिडेंट ओळखले, त्याला त्या रात्री काच दिसू नये? आता उघड आहे की लॉगबुक एका जीटीच्या जाहिरातीतून उचललं, फोटो दुसऱ्याच रोडस्टरचे. दोन्ही तांबड्या, एवढंच साम्य. नंबर प्लेट फोटोत पुसट केलेली, पण तशी तर सगळेच करतात.

चॅसिस प्लेट आणि नंबर प्लेट एकाच चालू व्हिडिओ कॉलमध्ये दाखवायला लावा. "गाडी बेसमेंटमध्ये आहे, नेटवर्क नाही" हे ऐकलं की फोन ठेवा. मला हेच ऐकवलं गेलं.

उरलेले ८,३०० पौंड, रुपयांत ९,५८,४२०. खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'एलटी' ने सुरू होत होता. ब्रिटनचा 'जीबी' ने सुरू होतो, एलटी म्हणजे लिथुआनिया. तीन पिढ्या इंग्लंडात धंदा करणाऱ्या डीलरचं खातं लिथुआनियात कशाला? हे मला कोण सांगणार होतं? मी गाड्यांचा माणूस आहे, बँकेचा नाही. बँकेचा माणूस काउंटरच्या पलीकडे बसला होता. त्याने आयबॅनची अक्षरं एकेक करून टाइप केली आणि चहा मागवला. पैसे कशासाठी पाठवता हे ए-२ फॉर्मवर लिहावं लागतं. त्या "काका" म्हणणाऱ्याने सांगितलं होतं की आयात लिहू नका, कागद वाढतात, एलआरएसखाली (माणसाला स्वतःच्या कामासाठी परदेशी पैसे पाठवायची जी मुभा आहे ती) पाठवा. मी विचारलं तर बँकेतल्याच माणसाने खूण कुठे करायची ते बोटाने दाखवलं. हे लक्षात ठेवा, पुढे येतंय.

मग भाडं आणि विमा, १,६८,००० रुपये, इथल्याच एका खात्यात. मग न्हावा शेवाचा 'क्लिअरिंग एजंट'. त्याच्याकडून बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती) आलं, कंटेनर नंबर आला, आणि कस्टम ड्युटीचा 'पहिला हप्ता' ३,७५,००० आरटीजीएसने एका चालू खात्यात. विंटेजला खास सवलत, आमच्या ओळखीने होतं म्हणे. सवलत कसली! जुन्या गाडीवर सगळे कर धरून गाडीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त भरावं लागतं. ड्युटी बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या कागदावर लागते आणि आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवरून सरकारच्या खात्यात जाते. ती कोणाच्याही चालू खात्यात जात नाही, हप्त्याने तर नाहीच. कस्टम ब्रोकरकडे लायसन्स असतं, नंबर मागा.

पाचवी मागणी ९२,००० ची आली, डेमरेजची, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याच्या दंडाची. तेव्हा मी आणि मेहुणा ठाणे-बेलापूर रोडने उरणच्या बाजूला गेलो. ज्या सीएफएसचं (कंटेनर ठेवायच्या यार्डचं) नाव एजंटने दिलं होतं तिथे गेटवरच्या पोराला कंटेनर नंबर दाखवला. त्याने शिपिंग लाइनच्या साइटवर टाकला आणि म्हणाला, "काका, हा रीफर आहे. थंड कंटेनर. यात कोळंबी जाते, गाडी नाही." मागच्या ट्रेलरवाल्याने हॉर्न मारला. मेहुणा माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसला.

कंटेनर नंबर शिपिंग लाइनच्या साइटवर घरबसल्या दिसतो. पैसे भरण्याआधी बघा. उरणपर्यंत डिझेल जाळायची गरज नाही.

आता आपली यंत्रणा. पहिलं जवळचं पोलीस ठाणं. ड्युटीवरच्या साहेबांनी विचारलं, गाडी कुठली? १९७२ ची म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. "५० वर्षांच्या गाडीला १५ लाख? एवढ्यात नवी क्रेटा आली असती." दोन कॉन्स्टेबल हसले. मग, "गाडी परदेशात, पैसे परदेशात, आमच्या हद्दीत काय घडलं?" मी म्हटलं, मी हद्दीत आहे, माझा मोबाइल हद्दीत आहे, ३,७५,००० भारतातल्याच खात्यात गेलेत. तर म्हणे सायबरला जा. सायबरला गेलो तर म्हणे आधी लोकल ठाण्याचा अर्ज. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. हे मला शेजारच्या वकिलाच्या मुलीने सांगितलं. ते साहेबांना सांगितल्यावर "कायदा शिकवू नका" हे उत्तर मिळालं. मग एक दिवस "हा दिवाणी वाद आहे, पार्टनरशिप मोडली म्हणून कोर्टात जा." कुणाची पार्टनरशिप? कोळंबीची?

चॅटचे प्रिंटआउट नेले, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र कुठे? ते नेलं, तर साहेब बंदोबस्तावर. बंदोबस्त संपला, तर साहेबांची बदली. नवीन साहेबांना पहिल्यापासून सगळं. त्यांनी ए-२ फॉर्म पाहिला आणि फिर्यादीलाच आरोपी केल्यासारखा सूर लावला: "तुम्ही खोटं कारण का लिहिलंत ते आधी सांगा." बँकेने तर हाच धागा पकडला. ग्राहकाने स्वतः सही करून पाठवलं, आम्ही फक्त पोचवलं. स्विफ्टवरून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून) पैसे परत मागणारा संदेश टाकला म्हणतात, त्याचं उत्तर 'लाभार्थीच्या खात्यात शिल्लक नाही'. आणि ते बोट कुणाचं होतं, ज्याने खूण दाखवली? त्या काउंटरवर आता दुसरी मुलगी बसते. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं तर "पोलिसांचं पत्र आणा". पोलीस म्हणतात, "बँकेचं उत्तर येऊ द्या."

शेवटी भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) आणि आयटी कायद्याच्या ६६ डी खाली गुन्हा नोंदला गेला. ३,७५,००० च्या खात्यात ११,२१२ रुपये गोठवलेत. ते मिळवायला कोर्टाचा आदेश लागेल असं मला सांगितलंय आणि वकिलाने त्यासाठी १५,००० सांगितलेत.

कळल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रात्र असली तरी. मी सकाळची वाट पाहिली कारण मेहुणा म्हणत होता की एजंट कदाचित चुकून दुसरा नंबर देऊन बसला असेल. एमजीसारख्या ब्रिटिश गाडीसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं, बनावटीची तारीख आणि मूळ रंग कळतो. विकणारा "मी मागवलंय" म्हणेल, तुम्ही स्वतः मागवा. तिकडे फी घेऊन गाडी प्रत्यक्ष बघून येणारे स्वतंत्र मेकॅनिक असतात. ते वाचवलेले दोनशे-तीनशे पौंड मला महाग पडले. घरच्यांना आकडा खरा सांगा. मी बायकोला ९ लाख सांगितले होते आणि तिला उरलेले पासबुकात सापडले.

हा माणूस अजून चालू आहे. नेरूळच्या एका ओळखीच्या गृहस्थांना गेल्या आठवड्यात तसाच मेसेज आला. "काका" तेच, घंटाळी तीच, या वेळी गाडी ट्रायम्फ टीआर६, किंमत ११,४०० पौंड, आयबॅन परत एलटी. कुणाला आला असेल तर ब्लॉक करू नका, शिव्याही घालू नका. बोलत राहा, खात्यांचे नंबर काढून घ्या, स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार करताना माझ्या गुन्ह्याचा संदर्भ द्या. साहेब म्हणालेत, आणखी दोघे-तिघे फिर्यादी आले तर फाइल वर पाठवता येईल.