‘डेन्स’ म्हणजे काय ते सांगणारे केंद्र : रत्नागिरीतील मॅमोग्राफी सेवेचा अनुभव

रत्नागिरी शहरातील ज्या केंद्रात गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या डाव्या स्तनातील कर्करोग सापडला, त्या केंद्राच्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. पाचपैकी चार तारे दिले आहेत; पाचवा का रोखून धरला, ते पुढे येईलच. माझे वय 48, घर पावसजवळ, माहेरी वा सासरी हा आजार कोणालाही झालेला नाही, आणि त्या ऑगस्टपर्यंत माझ्या कपाटात ‘काही आढळले नाही’ असे सांगणारा मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा, एक रिपोर्ट व्यवस्थित ठेवलेला होता.

तो रिपोर्ट एका आरोग्य शिबिरातला होता. तिसऱ्या दिवशी तो व्हॉट्सॲपवर आला, मी शेवटची ओळ वाचली आणि देवापुढे साखर ठेवली. शेवटच्या ओळीच्या जरा वर ‘ब्रेस्ट कंपोझिशन : सी’ असे छापलेले होते. हे ‘सी’ म्हणजे काय, ते मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. रक्तगटासारखे काहीतरी असेल, असे समजून मी कागद फाइलीत लावून टाकला. पुढे सव्वा वर्षाने, ऐन पावसाळ्यात, आरशासमोर केस बांधायला हात वर केला तेव्हा डाव्या बाजूची कातडी एका ठिकाणी किंचित आत ओढली गेल्यासारखी दिसली. हाताला गाठ लागत नव्हती. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी जुना रिपोर्ट मागवून घेतला आणि म्हणाल्या, “रिपोर्ट चांगला आहे, पण तो ‘सी’ आहे. मॅमोग्राफीला यात सगळे दिसलेच असेल, असे मी म्हणणार नाही.” त्यांनी मॅमोग्राफीसोबत सोनोग्राफीही लिहून दिली आणि या केंद्राकडे पाठवले.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि पावसात जिन्याच्या पायऱ्या निसरड्या होतात. प्रतीक्षा कक्षात गर्भलिंग निदान केले जात नसल्याची पाटी, त्याखाली पोटाच्या सोनोग्राफीसाठी बाटलीभर पाणी पिऊन ताटकळलेली माणसे, आणि त्यांच्यातच आम्ही मॅमोग्राफीवाल्या. नावाबरोबर तपासणीचेही नाव मोठ्याने पुकारले जाते, हे मला मुळीच आवडले नाही. गावाकडची ओळखीची चार माणसे समोर बसलेली असताना ‘मॅमोग्राफी’ हा शब्द भिंतींवरून घुमतो, तेव्हा बाई उठते ती मान खाली घालूनच.

आतले वातावरण मात्र अगदी वेगळे आहे. तपासणी करणारी तंत्रज्ञ मुलगी शांत स्वभावाची आहे. काखेत पावडर किंवा डिओडरंट लावले आहे का, हे तिने आधी विचारले आणि मी हो म्हणताच ओला कापूस देऊन पुसून घ्यायला लावले. त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, हे कारणही तिने सांगितले. प्रत्येक बाजूचे वरून एक आणि तिरके एक असे चार फोटो होतात. दाब जाणवतो, दुखतेही, पण प्रत्येक वेळी ते काही सेकंदांचेच असते. “काकी, श्वास रोखा, खांदा सैल सोडा,” हे ती दर वेळी तेवढ्याच सबुरीने म्हणत होती. पाळी चालू असलेल्या बायकांना ती पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली वेळ देते, कारण तेव्हा स्तन कमी दुखरे असतात.

या केंद्राचे खरे मोल त्यानंतरच्या अर्ध्या तासात आहे. रेडिओलॉजिस्ट बाईंनी मला आणि सोबत आलेल्या भाचीला आत बोलावून पडदा आमच्याकडे वळवला. मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते, तर दूधग्रंथी आणि तंतुमय ऊती पांढऱ्या दिसतात. ज्या स्तनात पांढरा भाग जास्त, तो ‘डेन्स’. ए पासून डी पर्यंत चार प्रकार असतात, त्यांतले सी आणि डी हे डेन्स, आणि चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायका या दोहोंत मोडतात. हा आजार नव्हे, तो हाताने चाचपून कळत नाही, स्तनाच्या आकाराशी किंवा घट्टपणाशीही त्याचा संबंध नाही. अडचण अशी की कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. माझा फोटो पाहताना मला भातावर पडलेले ओले खोबरे आठवले. ताटात ते आहे हे ठाऊक असूनही नजरेला वेगळे काढता येत नाही. शिवाय डेन्स ऊतीमुळे कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो, हेही बाईंनी लपवले नाही. अमेरिकेत सप्टेंबर 2024 पासून प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राला ही घनता बाईला साध्या भाषेत लेखी कळवावी लागते. माझ्या हाती शिबिरातून आले होते ते एकच इंग्रजी अक्षर.

इथले यंत्र थ्रीडी आहे, म्हणजे ते वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊन स्तनाचे पातळ थर एकेक करून दाखवते. तरीही माझ्या फोटोत गाठ अशी दिसली नाहीच. डाव्या बाजूला वरच्या भागात ऊतीची ठेवण एका जागी विस्कटल्यासारखी दिसत होती, इतकेच. बाईंनी मला तशीच शेजारच्या खोलीत नेऊन स्वतः सोनोग्राफी केली. पांढऱ्यात पांढरे म्हणून जे लपले होते, ते तिथे काळे दिसले: 14 मिलिमीटर, कडा ओबडधोबड, रुंदीपेक्षा उंची जास्त. दोन्ही तपासण्या एकाच डॉक्टरने लागोपाठ केल्यामुळे फोटोतली नेमकी शंकेची जागा त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मॅमोग्राफी एकीकडे आणि चार दिवसांनी सोनोग्राफी दुसरीकडे केली असती तर असे झाले असते का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. उजव्या बाजूलाही एक लहान गोल गाठ दिसली. ती बहुधा साधी आहे, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, डेन्स स्तनांत सोनोग्राफी अशा निरुपद्रवी गाठीही पुष्कळ दाखवते आणि त्यापायी नाहक सुयाही टोचल्या जातात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

रिपोर्टावर ‘बायरॅड्स 4’ लिहिलेले पाहून भाचीला रडू फुटले; तिला वाटले, आत्याचा कॅन्सर चौथ्या स्टेजला गेला. बाईंनी तिला बसवून पाणी दिले आणि सांगितले की हा आजाराचा टप्पा नसून फोटोवरून येणाऱ्या संशयाचा क्रमांक आहे. तो 0 पासून 6 पर्यंत असतो आणि 4 म्हणजे सुईने तुकडा काढून तपासलाच पाहिजे. रिपोर्टाखाली ही एक ओळ मराठीत छापली तर किती घरांतली रडारड वाचेल.

आता पाचव्या ताऱ्याबद्दल. बायॉप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढणे, तिथेच, जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत झाली. सुई सुटताना स्टेपलरसारखा खटका वाजतो, दुखत फारसे नाही. पण तो दिवस गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवसाचा होता. कोकणात त्या दिवशी काय होते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. तुकडे फॉर्मलिनच्या, म्हणजे ते टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत घालून मुंबईच्या प्रयोगशाळेत जायचे होते, आणि कुरिअर बंद असल्यामुळे बाटली पाच दिवस केंद्रातच राहिली. मला हे कळले ते आठव्या दिवशी मी स्वतः फोन केला तेव्हा. कर्करोग हार्मोनवर वाढणारा आहे का आणि हर-2 हे प्रथिन त्यात जास्त आहे का, हे ठरवणाऱ्या चाचण्यांसाठी तुकडा फॉर्मलिनमध्ये 6 ते 72 तास असावा, असा दंडक आहे. प्रयोगशाळेने तास जास्त झाल्याची नोंद रिपोर्टात केली, आणि परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या गाठीवर त्या चाचण्या पुन्हा कराव्या लागल्या. निष्कर्ष तोच आला, हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-2 निगेटिव्ह, म्हणून निभावले. केंद्राने चूक मान्य केली, पण ‘सण होता ना’ हे उत्तर मला पटलेले नाही. गणपती दर वर्षी येतात आणि तारीख कालनिर्णयमध्ये आधीच छापलेली असते. बायॉप्सी दोन दिवस आधी घेता आली असती, किंवा नमुना न्यायला मला सांगितले असते तर मी माणूस पाठवला असता.

दुसरी तक्रार लहान, पण तुतारी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून परळला पोहोचलेल्या माणसाला ती लहान वाटत नाही. केंद्राने दिलेल्या सीडीत मॅमोग्राफीचे फोटो होते, सोनोग्राफीचे नव्हते. भाचीने फोन केल्यावर ते तासाभरात मेलवर आले, हे मान्य केले पाहिजे. डेन्स स्तनांत आणखी कुठे काही लपले आहे का, हे पाहण्यासाठी मुंबईत एमआरआय झाला. ती सोय इथे नाही. दुसरे काही निघाले नाही. काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेलेला नव्हता, म्हणून पहिला टप्पा ठरला आणि स्तन न काढता फक्त गाठ काढून पुढे रेडिएशन झाले. अशा रुग्णांत पुढे रेडिएशन दिले तर आयुष्यमान पूर्ण स्तन काढण्याइतकेच राहते, हे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटली आणि अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यांनी दाखवले आहे. डॉक्टरांनी हे समजावले तेव्हा माझ्या यजमानांनी प्रथमच नीट श्वास घेतला.

इथे जाणाऱ्या बायकांनी जुने फोटो सोबत न्यावेत, कारण काउंटरवर कोणी मागत नाही आणि तुलनेसाठी ते फार उपयोगी पडतात. सकाळची पहिली वेळ घ्यावी, म्हणजे बाईंना बोलायला सवड असते. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी एकत्र केल्यास बिलात थोडी सूट आहे, पण ती विचारल्याशिवाय मिळत नाही.

माझी उपचारानंतरची पहिली मॅमोग्राफी पुढच्या महिन्यात आहे. वेळ इथलीच घेतली आहे. या खेपेला मात्र सीडी तिथल्याच संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय मी त्या निसरड्या पायऱ्या उतरणार नाही.