सहा सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन: ट्रकवर काही महिने वापरल्यानंतर

इंजिन सहा सिलिंडरचं, टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) यांसह, कॉमन रेल म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल, मागे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ, आणि धूर स्वच्छ करणारी युरिया सिस्टीम. काम भरलेल्या मालाचं, लांबच्या पल्ल्याचं. मत आधीच सांगून टाकतो: ओढ उत्तम, डिझेलचा खर्च आटोक्यात, आवाज कमी. पण या इंजिनाला घाण चालत नाही. जुनं यांत्रिक पंपाचं इंजिन थोडं पाणी, थोडा कचरा पचवून चालत राहायचं. हे पचवत नाही, आणि का पचवत नाही ते समजलं की निम्मी दुरुस्ती टळते.

मुळापासून बघू. इथे स्पार्क प्लग नाही. पिस्टन वर येताना हवा साधारण 16 ते 18 पट दाबली जाते आणि 500 अंश सेल्सियसच्या वर तापते. डिझेल त्याच्या निम्म्याहून कमी तापमानाला आपोआप पेटतं, म्हणून त्या हवेत बारीक फवारा मारला की काम झालं. त्यामुळे सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतंय पण पकडत नाही, अशा वेळी प्रश्न दोनच: हवा पुरेशी तापली का, आणि डिझेल आत गेलं का? बॅटरी ढिली असेल तर इंजिन सावकाश फिरतं, दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतीत मुरते, थोडी हवा रिंगांमधून निसटते आणि पेट घेण्याइतकी गरमी उरत नाही. शिवाय रेलमध्ये ठरावीक दाब, बहुतेक इंजिनांत 200 बारच्या आसपास, तयार होईपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. म्हणून नोझल (इंजेक्टर) खोलण्याआधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर बघावी. थंडीतल्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

ओढीबद्दल थोडक्यात. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-5-3-6-2-4, म्हणजे क्रँक दर 120 अंश फिरला की एक पॉवर स्ट्रोक. म्हणून धक्के जाणवत नाहीत. पूर्ण टॉर्क साधारण 1000 ते 1400 आरपीएममध्ये मिळतो. चढावर आरपीएम 900 च्या खाली पडू देऊन पॅडल तळाला दाबून ठेवू नये. टर्बोकडून हवा कमी येते, डिझेल मात्र जास्त जातं, आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचं तापमान चढतं. गियर एक खाली घ्यावा.

आता डिझेल, कारण या इंजिनाचं खरं नाजूक अंग हेच. टाकीतून डिझेल आधी पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरमध्ये येतं, मग फीड पंप, दुसरा बारीक फिल्टर, हाय प्रेशर पंप, रेल आणि शेवटी इंजेक्टर. उरलेलं रिटर्न लाइनने परत. आयडलला रेलमध्ये 300-400 बार असतात, लोडवर 1800 किंवा त्याहून जास्त. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते आणि त्यांना वंगण म्हणून फक्त डिझेलच मिळतं. पाणी आलं की वंगण गेलं, गंज आला, पृष्ठभाग ओरखडला. म्हणून पहिल्या फिल्टरच्या तळाचा ड्रेन सकाळी इंजिन चालू करण्याआधी सैल करावा. रात्रभर पाणी खाली बसलेलं असतं. काचेच्या बरणीत धरलं तर पाणी तळाला वेगळं दिसतं. निव्वळ डिझेल येऊ लागलं की ड्रेन बंद. डॅशबोर्डवरच्या पाण्याच्या दिव्याची वाट बघू नये, दिवा लागतो तेव्हा फिल्टरखालची पाण्याची वाटी बरीच भरलेली असते.

फिल्टर बदलताना एक सवय सोडावी लागते. नवा बारीक फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवायचा नाही. ते न गाळलेलं डिझेल थेट हाय प्रेशर पंपात जातं. फिल्टर कोरडा बसवावा, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढायचा) सैल करावा, हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा पंप) मारत राहावं. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांसकट डिझेल, मग सलग धार. सलग धार आल्यावरच स्क्रू आवळावा आणि प्रायमर हाताला घट्ट लागेपर्यंत मारावा. सेल्फ एका वेळी 30 सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये दोन मिनिटं थांबावं, नाहीतर स्टार्टर जळतो. एवढं करूनही गाडी पुन्हा एअर घेत असेल तर टाकी ते फीड पंप या भागातले जोड तपासावेत. तिथे पंप डिझेल खेचत (सक्शन) असल्याने डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत शिरते, आणि म्हणूनच हा दोष डोळ्यांना दिसत नाही.

मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) शोधायला चालू इंजिनावर नोझलचे नट एकेक सैल करण्याची जुनी पद्धत इथे पूर्णपणे बंद करावी. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते, आणि ती जखम छोटी दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत थांबावं. दोषी सिलिंडर स्कॅनरवरच्या सिलिंडर कट-आउट टेस्टने (एकेक सिलिंडर बंद करून बघणं) सापडतो. इंजेक्टरवर शंका असेल तर सगळ्यांचं रिटर्न वेगवेगळ्या नळ्यांत घेऊन तुलना करावी. ज्याचं रिटर्न इतरांपेक्षा बरंच जास्त, तो आतून झिजलेला. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्यावरचा कोड ईसीयूत भरावा लागतो. तो न भरता गाडी चालते, पण आयडल खडबडीत राहतं आणि धूर जात नाही.

हवेच्या बाजूला कामं कमी, पण नुकसान मोठं. एअर फिल्टर उठसूट उघडून हवा मारून साफ करणं चुकीचं आहे. कागदाला बारीक छिद्रं पडतात, सील सैल होतं, आणि आत गेलेली धूळ रिंगा व लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) घासते. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर लाल झाला की फिल्टर बदलावा. पिकअप अचानक पडला, काळा धूर आणि लोडवर शिट्टीसारखा आवाज आला तर इंटरकूलरचे होज आधी बघावेत. फुटलेल्या जागी किंवा सैल क्लॅम्पभोवती ऑइलचा ओलसर काळा डाग हमखास असतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाच्या आसपास फिरतो, आणि तोही फक्त ऑइलच्या पातळ थरावर. चालू केल्यावर अर्धा मिनिट रेस देऊ नये. चढ चढून आल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मगच बंद करावं. त्यापेक्षा जास्त आयडलला ठेवण्यात फायदा नाही, उलट काजळी साठते.

धुराचा रंग सरळ वाचता येतो: काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम इंजिनात टिकून राहणारा पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं कूलंट.

कूलंटकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं, आणि मोठा खर्च तिथूनच येतो. अशा इंजिनांत बहुधा ओले लायनर असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट कूलंट फिरतं. प्रत्येक स्फोटाला लायनर किंचित थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बाष्पाचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. तोच मारा एका जागी होत राहिला की धातूला टाचणीएवढे खड्डे पडत पडत आरपार भोक होतं. कूलंटमधलं रसायन लायनरवर संरक्षक थर धरतं. साध्या पाण्यात ते नसतंच, आणि पाणी भरत राहिलं तर आहे तेही पातळ होतं. म्हणून टॉप-अपसुद्धा 50-50 मिश्रणानेच, पाणी डिस्टिल्ड, आणि दोन प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपायही घातक आहे. इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचत नाही, डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते.

डिपस्टिकवर ऑइलची पातळी घटली तर सगळे बघतात; वाढली तर ती जास्त गंभीर बाब आहे. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल किंवा कूलंट मिसळतंय. डिझेल असेल तर वास येतो आणि ऑइल पातळ लागतं. कूलंट असेल तर ऑइल दुधाळ होतं. फक्त फिलर कॅपखाली पातळ पिवळट मलई दिसली तर ती थंडीतल्या ओलाव्याचीही असू शकते. निर्णय डिपस्टिक पाहूनच घ्यावा.

एक्झॉस्टची सिस्टीम हा या इंजिनाचा मला न आवडलेला भाग. युरियाचं द्रावण 32.5 टक्क्यांचं, लागतं डिझेलच्या साधारण 3 ते 5 टक्के. ते उघड्या डब्यातून किंवा डिझेलच्या नरसाळ्याने भरलं की थोडंसं डिझेलही सेन्सर आणि पंप खराब करायला पुरतं. डीपीएफ काजळी जाळताना (यालाच रीजनरेशन म्हणतात) तापमान 550-600 अंशांपर्यंत जातं, तेव्हा ट्रक सुक्या गवतावर उभा करू नये आणि प्रक्रिया अर्धवट तोडू नये. ज्या इंजिनांत त्यासाठीचं जादा डिझेल सिलिंडरमध्येच मारलं जातं, तिथे वारंवार तोडलेली रीजनरेशन हेच ऑइल वाढण्याचं कारण निघतं. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही. म्हणून ऑइल कमी राखेच्या ग्रेडचंच घ्यावं, आणि रीजनरेशन होऊनही बॅक प्रेशर (फिल्टरमुळे धुराला होणारा अडथळा) उतरत नसेल तर पुन्हा पुन्हा जबरदस्तीने रीजनरेशन न करता फिल्टर काढून राख साफ करून घ्यावी.