टोमॅटो पेस्ट: ट्यूब घ्यावी की डबा?

टोमॅटो पेस्ट घेताना समोरचं लालबुंद चित्र सोडा, मागची घटकांची यादी वाचा. टोमॅटो, फार तर मीठ आणि सायट्रिक ॲसिड, बस्स. स्टार्च, साखर किंवा रंग दिसला तर डबा परत ठेवावा. पातळ माल घट्ट दाखवायची ती सोय असते. डब्यावर लिहिलेलं ‘डबल कॉन्सन्ट्रेट’ म्हणजे 28 ते 30 ब्रिक्स (विरघळलेल्या साखर-क्षारांचं टक्क्यांतलं माप). ताज्या टोमॅटोत हा आकडा 5 च्या आसपास असतो, म्हणजे किलोभर पेस्टमागे सुमारे 6 किलो टोमॅटो आटतात. 24 च्या खाली असेल तर ती पेस्ट नव्हे, प्युरी.

घरी आणल्यावर चमचाभर पेस्ट पांढऱ्या बशीत ठेवून पाच मिनिटं थांबा. चांगल्या पेस्टचा गोळा आकार धरून राहतो, कडेने पाण्याचं अगदी बारीक वळं सुटतं. वळं रुंद असेल तर तिचा रस्सा ताटात फुटल्यासारखा दिसतो. कारण बहुधा कारखान्यात सापडतं: टोमॅटो चिरडताच 90 अंशांच्या वर तापवला, तर पेक्टिन (दाटपणा देणारा घटक) तोडणारी एन्झाइम्स मरतात आणि दाटपणा टिकतो. 60 ते 70 अंशांवर काढलेली पेस्ट पातळ असते, पण वास जास्त ताजा; सॉससाठी पहिली, सूपसाठी दुसरी. तपकिरी झाक मात्र कुठल्याच पेस्टला नको. ती जास्त आटवल्याची किंवा माल जुना झाल्याची खूण.

सगळ्यात मोठी चूक कढईत होते. पेस्ट थेट पाण्यात कालवली की कच्चट, धातूसारखी चव शेवटपर्यंत जात नाही. कांदा परतून झाला की त्याला बाजूला सारा, मधल्या तेलात 2 चमचे पेस्ट घाला आणि मध्यम आचेवर 2 ते 3 मिनिटं परता. लाल रंग विटकरी होतो, कडेने केशरी तेल सुटतं, तेव्हा पाणी घाला. आच मोठी असेल तर पेस्टमधली साखर तळाला धरते आणि कडवटपणा येतो. मोठा चमचाभर (16 ग्रॅम) पेस्ट म्हणजे साधारण एक मध्यम टोमॅटो. पेस्टमध्ये आधीच मीठ असेल, तर रश्श्यात मीठ शेवटी चाखून घाला.

तेलात परतण्याचा आणखी एक फायदा. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्यामुळे शिजवलेल्या टोमॅटोतून ते शरीराला जास्त मिळतं. 100 ग्रॅम पेस्टमध्ये ते सुमारे 28 मिलिग्रॅम असतं, कच्च्या टोमॅटोत अडीच. क जीवनसत्त्व आटवताना बरंच जातं, त्यासाठी कच्चा टोमॅटोच खावा. पोटॅशियमही पेस्टमध्ये भरपूर असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं. आम्लपित्त असेल तर हात आखडता ठेवलेला बरा.

राहिला वेष्टनाचा प्रश्न. आठवड्यातून एकदाच लागत असेल तर ट्यूबच घ्या: दाबून काढताना आत हवा शिरत नाही आणि फ्रिजमध्ये ती महिनाभर टिकते. डबा मोठ्या स्वयंपाकासाठी. उघडल्यावर उरलेली पेस्ट त्यातच ठेवू नये. आम्ल आणि हवेमुळे पत्र्याची चव पेस्टमध्ये उतरते. काचेच्या बरणीत काढून वर तेलाचा पातळ थर द्या आणि 5 ते 7 दिवसांत संपवा. जास्त उरली तर बटर पेपरवर चमचा-चमचा गोळे मांडून गोठवा, मग पिशवीत भरा; 3 महिने चव टिकते. फुगलेला डबा मात्र न उघडता, न चाखता टाकून द्या.