किडनी-शुगर ब्लड टेस्ट पॅकेज, घरी येऊन सॅम्पल: आठ-नऊ महिने वापरल्यावर (सोलापूर)

माझी मुख्य तक्रार एकच आहे आणि ती खाली परत परत येणार आहे, रक्त नक्की किती वाजता काढलं ती खरी वेळ रिपोर्टवर छापत नाहीत. बाकी पॅकेजबद्दल चांगलंही लिहिणार आहे, पण ही वेळेची गोष्ट किडनीचा पेशंट घरात असलेल्या प्रत्येकाने वाचावी असं मला मनापासून वाटतं.

पेशंट म्हणजे माझे सासरे, आम्ही मामा म्हणतो. वय ६८, शुगर वीसेक वर्षं, किडनीचं निदान अलीकडचं. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) २.० च्या आसपास, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ३६, म्हणजे किडनीच्या आजाराची स्टेज ३बी. डायलिसिस नाही. आम्ही विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, मामांचे गुडघे गेलेले, म्हणून मार्चमध्ये घरी येऊन रक्त नेणारं पॅकेज घेतलं, दर तीन महिन्याला एकदा. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण विचारल्यावर कळलं की बऱ्याच लॅब असंच करतात.

पहिल्या वेळी सगळं छान वाटलं. मुलगा वेळेवर आला, एका टोचण्यात रक्त मिळालं, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट. तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग मे महिना. सोलापूरचा मे काय असतो ते सांगायला नको, सकाळी सातलाच घाम. मुलगा सव्वासातला आला, रक्त काढलं, ट्यूबा बर्फाच्या पॅकवाल्या बॅगेत ठेवल्या, आणि "ताई, अजून जुळे सोलापूर करायचंय, मग अशोक चौकाकडं" म्हणून गेला. मला उलट बरं वाटलं, एवढ्या उन्हात सॅम्पल थंड ठेवतायत म्हणून. संध्याकाळी रिपोर्ट आला आणि पोटॅशियम ६.३, लाल अक्षरात. नॉर्मल साधारण ३.५ ते ५. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले ताबडतोब कॅज्युअल्टीला घेऊन या, एवढ्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मामांना दोघांनी धरून तीन मजले खाली आणलं, रिक्षा, हॉस्पिटल. ईसीजी नॉर्मल. तिथे परत रक्त काढलं, लगेच मशीनला लावलं, पोटॅशियम ४.८.

एका दिवसात, औषध न देता, ६.३ चं ४.८. मामांनी त्या दिवशी खाल्लेलं काय तर भाकरी आणि दुधीची भाजी.

दुसऱ्या दिवशी किडनीच्या डॉक्टरांनी समजावलं ते जसं कळलं तसं लिहिते. आपल्या शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, बाहेरच्या पाण्यात अगदी थोडं, आणि पेशीच्या भिंतीवरचा पंप ते सतत आत ओढत असतो. रक्त ट्यूबमध्ये आलं तरी पेशी काही तास जिवंत असतात. ते तसंच, सेंट्रिफ्यूज न करता (म्हणजे मशीनमध्ये गरगर फिरवून पेशी वेगळ्या न करता), बर्फावर ठेवलं की पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाहीत त्यामुळे सिरम, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारं पिवळसर पाणी, लालसर दिसत नाही, आणि रिपोर्टवर 'हिमोलाईज्ड' (पेशी फुटलेल्या) असा शेराही येत नाही. म्हणजे बघणाऱ्याला आकडा खराच वाटणार. जेलवाली ट्यूब साधारण दोन तासांच्या आत फिरवून सिरम वेगळं केलं पाहिजे, त्यानंतर थंडीत ठेवलं तरी चालतं. आमच्या सॅम्पलचं नेमकं उलटं झालं, आधी बर्फ आणि फिरवणं कधी ते देवालाच माहीत. पट्टा फार वेळ घट्ट बांधला किंवा मूठ उघडझाप करायला लावली तरी पोटॅशियम वाढून येतं, तेही त्यांनीच सांगितलं.

हे एवढ्यासाठी लिहितेय की त्या संध्याकाळी आम्ही मामांची बीपीची गोळी, टेल्मिसार्टन, बंद करणार होतो. ही गोळी पोटॅशियम थोडं वाढवते हे खरं, पण लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या डायबेटिक किडनीला ती सांभाळते, आणि ती बंद होणार होती ती एका चुकीच्या आकड्यावर. शेंगाचटणी, टोमॅटो, केळी, सगळं ताटातून काढलं होतं ते वेगळंच.

आता वेळेची गोष्ट. रिपोर्ट नीट बघितला तर त्यावर 'सॅम्पल घेतल्याची वेळ ११.५२' असं छापलेलं, रक्त काढलं सव्वासातला. म्हणजे लॅबमध्ये नोंद झाली तीच वेळ सॅम्पलची म्हणून टाकतात. मधले साडेचार तास कागदावर नाहीतच! डॉक्टरने रिपोर्ट बघितला तर त्याला वाटणार सॅम्पल ताजं आहे. कस्टमर केअरला फोन केला तर बाई म्हणाल्या, "मॅम, सॅम्पल कोल्ड चेन मेंटेन करूनच आणलेला आहे." अहो, तीच तर तक्रार आहे माझी. तीन वेगवेगळ्या लोकांना तीन वेळा पहिल्यापासून सांगितलं, शेवटी मेल आला की पुढच्या बुकिंगवर वीस टक्के सूट देतो. सूट मागितलीच नव्हती मी, मला रिपोर्टवर खरी वेळ हवी होती. ती अजूनही मिळालेली नाही.

हीच वेळ शुगरलाही लागू होते. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच राहिलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के कमी होते. राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराईड असतं ते हे थांबवतं, तेही पूर्ण थांबायला तास-दोन तास लागतात. आमच्या घरी येणाऱ्याने जूनमध्ये राखाडी ट्यूब आणलीच नव्हती, मी विचारल्यावर खाली गाडीतून घेऊन आला. न विचारता किती घरात तशीच गेली असेल.

इथून पुढे माझं मत थोडं बदललं, कारण पुढचा गोंधळ लॅबचा नव्हता.

मामांचं हिमोग्लोबिन ८.९ होतं, किडनीच्या पेशंटचं होतंच, कारण रक्त तयार करा असा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन किडनीतच बनतं आणि ते कमी पडायला लागतं. एप्रिलपासून त्याचं इंजेक्शन आणि आयर्न सुरू केलं. तोपर्यंत एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी टेस्ट, ६.९ होतं. इंजेक्शननंतर जूनमध्ये आलं ६.२. घरात सगळे खूश. मामा म्हणाले, "अगं, शुगर उतरली की, आता अर्धी भाकरी जास्त वाढ." पण मी रोज वहीत लिहीत होते ते ग्लुकोमीटरचे आकडे काही उतरले नव्हते, उपाशीपोटी १४०-१५०, जेवणानंतर २१० च्या वर. ६.२ म्हणजे सरासरी १३१ यायला पाहिजे. कुठे १३१ आणि कुठे हे. मला परत वाटलं लॅबच चुकली, परत भांडायची तयारी केली.

डॉक्टरांनी थांबवलं. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते, आणि ती चिकटायला लाल पेशी जुनी व्हावी लागते, साधारण १२० दिवस जगते ती. किडनीच्या आजारात पेशी लवकर मरतात, त्यात इंजेक्शनने नव्या कोऱ्या पेशी भराभर येतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून टक्केवारी खाली दिसते आणि साखर आहे तिथेच. रक्त चढवलं तरी तसंच होतं. आयर्न कमी असेल तर उलट, खोटं वाढून दिसतं. आजार जितका पुढच्या स्टेजला, तितका हा आकडा कमी भरवशाचा, डायलिसिसवाल्यांना तर फारच. म्हणजे मशीन बरोबर, रिपोर्ट बरोबर, आणि तरी अर्थ चुकीचा. लॅबला मी यासाठी दोष देत नाही. पण किडनीचं पॅकेज म्हणून विकता तर एचबीए१सीच्या खाली एक ओळ छापायला काय हरकत आहे, की हिमोग्लोबिन कमी असेल किंवा ही इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांशी बोला. विटामिन डीखाली अर्धं पान माहिती देतात.

आणि ग्लुकोमीटरही पूर्ण खरा नाही बरं का. रक्तात लाल पेशींचं प्रमाण कमी असेल, म्हणजे हिमॅटोक्रिट कमी, तर बरेच मीटर थोडं जास्त दाखवतात. स्ट्रिपच्या डबीतल्या कागदावर रेंज लिहिलेली असते, आमच्या स्ट्रिपची खालची मर्यादा आणि मामांचा आकडा अगदी जवळजवळ होता. शिवाय स्ट्रिप ३० डिग्रीच्या आत ठेवा असं लिहिलेलं, आमच्या हॉलमध्येच मेमध्ये दुपारी ३८ असतं. मग खरं कुणाचं?

शेवटी डॉक्टरांनी दंडाला लावायचा, सतत शुगर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर सांगितला. महाग आहे, मी दोन आठवडे टाळलं, मग एकदाच लावला. सरासरी आली १७२, म्हणजे एचबीए१सीच्या भाषेत साधारण साडेसात. ६.२ खोटं निघालं ते निघालंच, पण जे कुणाच्या डोक्यात नव्हतं तेही दिसलं, पहाटे तीन-चारला शुगर ६०-६५ पर्यंत जात होती. दंडावर झोपलं की सेन्सर खोटं कमी दाखवतो म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या कुशीवर झोपवून, पहाटे उठवून बोट टोचून बघायला सांगितलं, तेव्हाही ६८. किडनी कमजोर झाली की इन्सुलिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, कालपर्यंतचा डोस आज जास्त होतो. रात्रीचं इन्सुलिन कमी केलं, जेवणाच्या वेळचं बदललं. पहाटे घाम येतो तो मामा उकाड्याचा समजत होते. त्या दोन आठवड्यांनी जे दिलं ते वर्षभराच्या पॅकेजने दिलं नसतं, त्यामुळे सेन्सरच्या पैशाची मला अजिबात हळहळ नाही. दर महिन्याला लावायची गरज नाही, औषध बदललं की एकदा लावू.

पैशाचं बोलायचं तर पॅकेजमधल्या निम्म्या टेस्ट दर तीन महिन्याला लागत नाहीत. थायरॉईड, विटामिन डी, अमायलेज, कशाला सारखं? बी१२ वर्षातून एकदा ठीक, शुगरची गोळी मेटफॉर्मिन चालू आहे म्हणून (ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर ती निम्मी केली, ३० च्या खाली बंदच करतात). आणि जी टेस्ट पाहिजेच ती नाही, लघवीतलं अल्ब्युमिन (म्हणजे प्रोटीन)-क्रिएटिनिन रेशो, एसीआर. साधी युरिन रुटीन आहे, त्यात 'अल्ब्युमिन ++' एवढंच कळतं. ३० च्या खाली नॉर्मल, ३०० च्या वर जास्त, मधलं मधलं, हे आकड्यात कळल्याशिवाय औषधाने फरक पडतोय का ते कसं बघणार. सकाळची पहिली लघवी द्यायची, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असताना द्यायची नाही. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, शुगर आणि एसीआर सुटं करून घेतलं तर पॅकेजपेक्षा स्वस्त पडलं, मी दोन्ही बिलं शेजारी ठेवून बघितली. एचबीए१सी वर्षातून दोनदा पुरतं, औषध बदललं असेल तर जास्तीत जास्त चारदा.

सप्टेंबरपासून काय करतो ते सांगते. घरी बोलावणं बंद. मामांना खुर्चीत बसवून खाली आणतो, त्याच लॅबच्या सेंटरवर सकाळी नेतो, तिथे सेंट्रिफ्यूज आहे. तिथला टेक्निशियन फार चांगला माणूस, मी सांगितल्यावर पिशवीवर पेनने वेळ लिहितो आणि समोर ट्यूब मशीनला लावतो. तेव्हापासून पोटॅशियम ४.६ ते ५ च्या मधेच. लॅब बदलली नाही, कारण क्रिएटिनिन एकाच ठिकाणी केलं तरच मागच्याशी ताडून बघता येतं, आणि आदल्या रात्री मटण करत नाही, त्यानेही क्रिएटिनिन थोडं वर जातं.

त्यामुळे घरी येऊन सॅम्पल: पाचपैकी दीड, तेही त्या मुलाच्या हाताला. सेंटरवर जाऊन: चार. पाचवा स्टार रिपोर्टवर खरी वेळ छापतील तेव्हा. ज्यांचे पेशंट अंथरुणावर आहेत आणि घरी बोलावण्याशिवाय इलाज नाही त्यांनी पहिला नंबर मागा, ट्यूब दोन तासांत फिरवणार का ते आधी विचारा, रक्त काढल्याची वेळ स्वतः लिहून फोटो काढून ठेवा, आणि पोटॅशियम अचानक वाढून आलं तर डॉक्टरांना फोन करताना ती वेळही सांगा. फोन मात्र लगेच करा, कारण खरंच वाढलेलंही असू शकतं.

पुढची तपासणी जानेवारीत, गड्डा (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) झाल्यावर. त्यात एसीआर आणि आयर्नचे आकडे येतील, एचबीए१सी यावेळी घेणार नाही.