माइनक्राफ्टचं जग: घरच्या कॉम्प्युटरवर की रेल्म्सवर?

ज्यांची फक्त टोपणनावं माहीत आहेत अशा चौघांसोबत माइनक्राफ्ट खेळायचं, तर खेळाचं जग चालवणारा सर्व्हर कुठे ठेवायचा? घरच्या कॉम्प्युटरवर ठेवला तर फुकट, शिवाय मॉड, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या जादा फाइल्स, हव्या तेवढ्या. पण राउटरवर २५५६५ नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून सोबत्यांना जो पत्ता पाठवायचा, तो तुमच्या घरच्या कनेक्शनचा आयपी. त्यावरून घर नंबर कळत नाही. इंटरनेट कंपनी आणि बहुधा शहर कळतं. एखादा हरल्यावर चिडला, तर नेट तुंबवूही शकतो. त्यात आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनना स्वतंत्र आयपी नसतोच आणि तो नसेल तर बाहेरून थेट जोडता येत नाही, म्हणून लोक जादा पैसे भरून स्थिर आयपी घेतात. म्हणजे न बदलणारा पत्ता विकत घ्यायचा आणि अनोळखी लोकांना वाटायचा!

रेल्म्स म्हणजे माइनक्राफ्टचीच भाड्याची सर्व्हर सेवा. तिला दर महिन्याला पैसे पडतात, आणि जावा आवृत्तीत (कॉम्प्युटरवरची मूळ आवृत्ती) सर्व्हरवर मॉड टाकता येत नाहीत. पण सगळे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला जोडले जातात, तुमचा आयपी सोबत्यांना दिसत नाही. मॉडचं वेड नसेल तर मी रेल्म्सच घेईन.

टोपणनाव मात्र दोन्हीकडे दिसतं. ‘सांगलीकर२००९’ छापाचं असेल, तर आधी ते बदला. जावा आवृत्तीत ३० दिवसांतून एकदा बदलता येतं.