दिवसा झकास, रात्री हिरवट: काही महिन्यांच्या वापरानंतर

रात्री स्क्रीन हिरवट दिसते म्हणून दिलेला माझा फोन सर्व्हिस सेंटरवरून 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत आला, म्हणून हे लिहायला बसलो. १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारा) ॲमोलेड, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणारा स्क्रीन, ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा, हाताची थरथर सावरणारं ओआयएस वगैरे सगळ्यांना पाठ आहे. बॅटरी उत्तम, स्पीकर ठीक. माझं भांडण आहे ते ब्राइटनेसच्या पट्टीच्या डाव्या टोकाशी.

खोलीतले दिवे बंद करा, ब्राइटनेस तळाला न्या आणि डार्क मोडमधलं कुठलंही गडद करडं पान उघडा. शेवाळ धरल्यासारखं हिरवट दिसतं. पूर्ण काळा भाग ठीक असतो, कारण तिथले पिक्सेल बंदच असतात. गोची होते त्याच्या जरा वरच्या छटांत. तिथे पिक्सेलला कणभरच करंट द्यायचा असतो आणि १२० हर्ट्झवर त्यासाठी ६० च्या मानाने निम्माच वेळ मिळतो. रिफ्रेश रेट (चित्र ताजं करण्याचा हा वेग) ६० वर आणला की हिरवेपणा बराच ओसरतो. म्हणजे पैसे १२० चे मोजायचे आणि रात्री वापरायचा ६० वर! जाहिरातीत जास्तीत जास्त निट्स, म्हणजे उजेडाचं माप, ठळक अक्षरांत असतात. कमीत कमी किती निट्सपर्यंत रंग शाबूत राहतात, हे मला एकाही खोक्यावर छापलेलं दिसलेलं नाही. उन्हात मी फोन बघतो तो फोन उचलण्यापुरता. अंधारात मात्र रोज तासभर.

काउंटरवरच्या माणसाने लखलखीत ट्यूबलाइटखाली ब्राइटनेस पूर्ण वाढवला आणि विचारलं, "कुठंय हिरवं, सर?" मी म्हटलं, दिवा घालवा. ते जमत नाही म्हणे, फोटो असेल तर दाखवा.

फोटो काढायला घरातला दुसरा फोन घेतला आणि खरी करमणूक तिथे सुरू झाली. नाइट मोड बऱ्याच फ्रेम एकावर एक रचतो, नॉइज पुसतो, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग आपोआप दुरुस्त करणारी सोय) हिरवी झाक म्हणजे दिव्याचा दोष समजून तीही काढून टाकतो. डोळ्यांना हिरवं, फोटोत स्वच्छ राखाडी. पुरावाच गायब. शेवटी सगळं हाताने ठरवता येणाऱ्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनच्या आसपास पक्का केला, शटर १/३० सेकंद ठेवलं, तेव्हा कुठे जे दिसतं ते फोटोत आलं. जाता जाता शटर १/२००० करून पाहिलं, तर स्क्रीनभर काळे पट्टे. हे पीडब्ल्यूएम: उजेड कमी भासवण्यासाठी पॅनेल सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१५ च्या १७८९ या शिफारशी एलईडी दिव्यांसाठी आहेत, पण त्यांत ३००० हर्ट्झच्या वरचं लुकलुकणं निर्धोक धरलंय. माझ्या फोनचे पट्टे चांगले रुंद आहेत, म्हणजे वेग त्याच्या बराच खाली. सेटिंगमध्ये डीसी डिमिंग (चालू-बंद न करता करंट कमी करून उजेड उतरवणं) आहे की! ते चालू केलं की पट्टे जातात आणि हिरवेपणा वाढतो. निवडा काय हवं ते.

आता कॅमेरा. सुरुवातीला त्यावरही खार खाऊन होतो. रात्रीचे फोटो मातकट, सावलीत काही दिसायचं नाही. मग तेच फोटो कॉम्प्युटरवर उघडले, तर सावलीतला तपशील सगळा जागेवर होता. कमी ब्राइटनेसला ही स्क्रीन गडद छटा सरळ काळ्यात ढकलते, म्हणून मला दिसत नव्हता. तेव्हा तेही पाप स्क्रीनच्याच खाती. मधल्या अपडेटनंतर दिव्यांभोवतीचा फटफटीतपणाही कमी झाला. २०१८ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनने नाइट साइट हा रात्रीच्या फोटोंचा मोड आणला, ती करामत आता या वर्गातल्या फोनमध्येही नीट चालते, निदान मुख्य लेन्सवर आणि समोरचं स्थिर असेल तर. हलणारी मुलं धूसरच येतात, त्याला ओआयएसही काही करू शकत नाही. तो आपला हात सावरतो, मुलांना नाही. जास्त रुंद दृश्य टिपणारा अल्ट्रावाइड कॅमेरा दिवस मावळल्यावर विसरा. लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटोचं बटण दाबलं तरी अंधारात फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतो. टेलिफोटोच्या लेन्सवर बोट ठेवून बघा, चित्र तसंच राहतं.

सध्या माझी सोय अशी: ब्राइटनेस थोडा वर ठेवतो आणि ॲण्ड्रॉइड १२ पासूनचं, स्क्रीन आणखी मंद करणारं 'एक्स्ट्रा डिम' लावतो. लुकलुकणं कमी जाणवतं, डोळे कमी चुरचुरतात. गडद प्रसंगांचे व्हिडिओ मात्र अजूनच काळे होतात, ते पाहायचे असले की बंद करतो.

प्रो मोडचे फोटो घेऊन पुन्हा काउंटरवर गेलो होतो. या वेळी उत्तर मिळालं, "सर, हे सगळ्याच ॲमोलेडमध्ये असतं." आधी दोष दिसतच नव्हता, आता तो सगळ्यांतच असतो. हेच लेखी द्या म्हटल्यावर साहेब आत गेले. वॉरंटी अजून शिल्लक आहे आणि पॅनेल पदरचे पैसे न घालता बदलून मिळेपर्यंत मी सोडणार नाही. तोवर तीन तारे, त्यातले दोन मुख्य कॅमेऱ्याचे.