तीन आठवडे मी स्वतःलाच दोष देत होते

घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे छापील बोर्ड) बनवणाऱ्याला मालात फसवणं फार सोपं आहे. बोर्ड बिघडला की पहिला संशय आपल्यावरच येतो. प्रकाश कमी पडला असेल, डेव्हलपर (प्रकाश लागलेला थर धुऊन काढणारं द्रावण) कडक झाला असेल, बोर्ड बाहेर काढायला उशीर झाला असेल. पायऱ्या इतक्या असतात की चूक शोधायला गेलं तर दर पायरीवर एक तरी सापडतेच. माझ्याबरोबर हेच झालं, आणि मला माल विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. घाऊक बोर्ड मागवायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा.

मी बरीच वर्षं बोर्ड घरीच करते. सुरुवात टोनर ट्रान्सफरने केली. लेझर प्रिंटरवर उलटी प्रतिमा छापायची, तांब्यावर ठेवून इस्त्री फिरवायची. बारीक ट्रॅकची, म्हणजे वीज नेणाऱ्या तांब्याच्या रेषांची, गरज पडू लागली तसं फोटो पद्धतीकडे वळले. यात तांब्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर आधीच लावलेला असतो, म्हणजे प्रीसेन्सिटाइझ्ड बोर्ड. पारदर्शक कागदावरची नक्षी वर ठेवून यूव्ही (अतिनील) दिवा दाखवायचा, सौम्य कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साईडच्या) पाण्यात धुवायचं, मग फेरिक क्लोराईडमध्ये एचिंग, म्हणजे उघडं पडलेलं तांबं विरघळवायचं. अभियंते पॉल आइस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटवर रेडिओ उभा केला होता. आजही घरोघरी मुळात तीच कल्पना चालते, पाटीवर चिकटवलेल्या तांब्यातलं नको तेवढं काढून टाकायचं. त्यामुळे पाटी कशाची आहे, तांबं किती जाड आहे आणि वरचा थर किती ताजा आहे, हे सगळं बोर्ड आपल्या हातात येण्याआधीच ठरलेलं असतं. मला या तिन्हींत फसवलं, आणि वर एचिंगच्या द्रावणातही.

मुलांसाठी एक छोटी कार्यशाळा घ्यायचं मी आणि माझ्या एका मित्राने ठरवलं होतं. प्रत्येकाने स्वतःचा बोर्ड करायचा, सोल्डर करायचा आणि घरी न्यायचा. एका ऑनलाइन बाजारावर मी एका विक्रेत्याकडून आधी नमुन्याचे दोन बोर्ड मागवले. ते उत्तम निघाले. पिशवीवर लिहिल्याप्रमाणे खरंच एफआर-४ (काच आणि इपॉक्सीची पाटी) होते, तांबं एक औंस (हे तांब्याच्या जाडीचं माप) होतं, तीन मिनिटांच्या प्रकाशात थर स्वच्छ सुटत होता. मी समाधानाने त्याला निरोप पाठवला, अजून चाळीस हवेत, सोबत फेरिक क्लोराईडही द्या.

त्याचं उत्तर आलं, "मॅडम, इथून घेतलं तर कमिशन जातं. थेट पैसे पाठवा, घाऊक भाव लावतो." मी पाठवले. मित्र म्हणाला होता, बिल तरी माग. मी मागितलं, तो म्हणाला मालासोबत येईल. माल आला, बिल आलं नाही. त्याऐवजी आत एक चिठ्ठी होती, 'सील फोडल्यावर माल परत घेतला जाणार नाही.' प्रकाश लागू नये म्हणून असे बोर्ड काळ्या पिशवीत बंद असतात हे मला माहीत होतं, म्हणून ती अट रास्तच वाटली. सील फोडल्याशिवाय बोर्ड तपासता येत नाही आणि फोडलं की परत करता येत नाही, हा फास माझ्या लक्षात आला तोवर गळ्यात पडलेला होता.

कार्यशाळेच्या दिवशी पहिले चार बोर्ड धुतले तेव्हा नक्षीच्या मधल्या भागात राखाडी पापुद्रा तसाच राहिला. अजून थोडा वेळ ठेवला तर कडेचे ट्रॅक वाहून गेले. मी प्रकाशाची वेळ तीनवरून चार मिनिटं केली, मग सहा, मग आठ. कधी मधलं निघेना, कधी कडेचं राहीना. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी हातात हातमोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा अशी ट्रेसमोर उभी होती. तिच्या बोर्डावरची निम्मी नक्षी पाण्यात गेली. तिने खाली बघत विचारलं, "ताई, मी जास्त हलवलं का?"

मी म्हणाले, "हो बहुतेक, पुढच्या वेळी हळू हलव."

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलतं ते हे वाक्य. त्या मुलीची काहीही चूक नव्हती.

विक्रेत्याला फोन केला. तो अगदी शांतपणे बोलला. "मॅडम, शेकडो लोक हाच माल नेतात, एकाचीही तक्रार नाही. तुमचा दिवा कमजोर झालाय. नाहीतर डेव्हलपर दुप्पट कडक करून बघा." मी ऐकलं. एरवी मी लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साईड घेते, त्याचे वीस केले. पॉझिटिव्ह थराला, म्हणजे प्रकाश लागेल तिथेच सुटणाऱ्या थराला, इतकं कडक डेव्हलपर लागलं की प्रकाश न लागलेला भागही सुटतो. झालंही तसंच, अख्खा बोर्ड कोरा. आता तर चूक माझीच दिसत होती! कॉस्टिक त्वचेला आणि डोळ्यांना किती घातक असतं हे ज्याला माहीत आहे तो असा सल्ला आंधळेपणाने देणार नाही, शेजारी मुलं असतील याचा तरी विचार करेल. मी दिव्याची नवी ट्यूब आणली, नवा पारदर्शक कागद आणला, प्रिंटरची शाई गडद केली. तीन आठवडे गेले. जे आठ-नऊ बोर्ड कसेबसे निघाले, त्यांवर दुसऱ्यांदा सोल्डरिंग करायला गेलं की पॅड (सोल्डर करायची तांब्याची टिकली) पाटीवरून उचलून यायचा. तेही मी मुलांच्या कच्च्या हातांवर ढकललं.

डोळे उघडले ते एका उरलेल्या तुकड्यामुळे. पहिल्या नमुन्यातल्या बोर्डाची बोटभर पट्टी काळ्या कागदात गुंडाळून खणात पडली होती. एका रात्री मी ती आणि नव्या बोर्डाची तेवढीच पट्टी शेजारी शेजारी ठेवली. एकच दिवा, एकच नक्षी, तीनच मिनिटं, एकाच ट्रेमधलं दहा ग्रॅमचं डेव्हलपर. जुन्या पट्टीवरचा थर मिनिटभरात सुटून लख्ख तांबं वर आलं. नवीवर पापुद्रा तसाच. दोन्ही पट्ट्या क्षणभर फेरिक क्लोराईडमध्ये बुडवल्या. उघडं तांबं त्यात जाताच चमक सोडून गुलाबी, मंद दिसू लागतं. जुनी पट्टी सगळीकडे एकसारखी गुलाबी झाली. नवीवर चमकणारे ठिपकेच ठिपके होते, म्हणजे तिथे थर अजून चिकटून होता. त्या रात्री मला समजलं की माझा दिवा, माझं पाणी आणि माझे हात ठीक आहेत.

मग मी एकेक गोष्ट हातात घेतली. पिशवीवरचं तारखेचं लेबल जरा जाड वाटत होतं. हेअर ड्रायरची गरम हवा देऊन नखाने कोपरा उचलला, तर खाली दुसरं लेबल, आणि त्यावरची वापराची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. हा थर मुदतीबाहेर गेला, उष्णतेत राहिला, की त्याचा प्रतिसाद मंद आणि असमान होतो. कडांनी प्रकाश शिरला असेल तर कडा आधीच उघडल्यासारख्या वागतात. मध्ये निघत नव्हतं आणि कडेला टिकत नव्हतं, त्याचा उलगडा झाला.

एक बोर्ड मी पक्कडीत धरून मोडला. एफआर-४ म्हणजे इपॉक्सीत भिजलेलं काचेचं विणलेलं कापड, थरावर थर. मोडलं की आरपार काचेचे तंतू दिसतात. माझ्या बोर्डात वरखाली काचेचा एकेक पदर होता आणि मध्ये पुठ्ठ्यासारखा, तंतू सुटलेला कागदी गाभा. याला सीईएम-१ म्हणतात. तो वाईट असतो असं नाही, एका बाजूच्या स्वस्त सर्किटांसाठी तो सर्रास वापरतात. पण तो एफआर-४ म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे, आणि वरून काचेची वीण दिसत असल्याने पहिल्या नजरेत कुणीही फसेल. एक खूण तर मी हातातून घालवली होती. एफआर-४ची काच साध्या ड्रिलची धार भराभर खाते. या बोर्डांत ड्रिल लोण्यातून गेल्यासारखं जात होतं आणि बारीक, मऊ भुसा पडत होता. मी मनात म्हणत होते, बरं झालं, मुलांना सोपं जातंय.

तांब्याचं गणित वजनाने सुटलं. एक औंस तांबं म्हणजे सुमारे ३५ मायक्रॉन जाडी. १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर तुकड्यावर ते ३.१ ग्रॅमच्या आसपास भरतं. मी तेवढा तुकडा कापला, ॲसिटोनने वरचा थर पुसला, वजन घेतलं, सगळं तांबं एचिंगमध्ये घालवलं, धुऊन पूर्ण वाळवलं आणि पुन्हा वजन केलं. फरक आला १.६ ग्रॅम. म्हणजे अर्धा औंस. तरी खात्री हवी होती, म्हणून आधी बनवलेल्या बोर्डांपैकी एकावर १ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब ट्रॅक होता, त्यातून १ अँपिअर सोडला. एक औंस तांब्यावर मीटरने ५० मिलिव्होल्टच्या आसपास दाखवायला हवे होते. माझ्या मीटरवर ९६ दिसले.

मला एकच कोडं पडलं होतं. तांबं निम्मंच असेल तर एचिंग झटकन व्हायला हवं होतं, ते नेहमीइतकाच वेळ का घेत होतं? बाटली काट्यावर ठेवल्यावर उत्तर मिळालं. ४० टक्के फेरिक क्लोराईडचं एक लिटर द्रावण जवळपास १.४ किलो भरतं. माझं एक लिटर १.१५ किलोही भरलं नाही. लेबलावर मात्र ४० टक्केच छापलेलं. तांबं अर्धं आणि द्रावण पातळ, त्यामुळे घड्याळात सगळं बरोबर दिसत होतं. एका लबाडीने दुसरीवर पांघरूण घातलं होतं.

हे सगळं फोटोंसकट विक्रेत्याला पाठवलं. त्याने वाचलं आणि माझा नंबर बंद केला. ऑनलाइन बाजाराच्या तक्रार विभागाने सांगितलं की व्यवहार त्यांच्यामार्फत झालेलाच नाही, त्यांच्याकडे फक्त नमुन्याच्या दोन बोर्डांची नोंद आहे, आणि त्या बोर्डांबद्दल मीच पाच तारे दिलेले आहेत. ते अजूनही तिथे आहेत. ते बघून आणखी कोण कोण त्याच्याकडे गेलं असेल, या विचाराने झोप लागत नाही. पैसे थेट पाठवले त्या क्षणी मी माझी बाजू मांडायची जागाच सोडून दिली होती. बिल नाही, करार नाही, हातात फक्त फोनवरचे निरोप.

आता मी चांगल्या बोर्डाची एक पट्टी काळ्या कागदात जपून ठेवते आणि नवा माल आला की त्याच दिवशी शेजारी ठेवून दोन्ही धुते. नव्या पट्टीवर पुठ्ठा सरकवत अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या पायऱ्यांनी प्रकाश देते. अजिबात प्रकाश न लागलेली पायरी टिकली पाहिजे आणि सर्वांत जास्त लागलेली पूर्ण सुटली पाहिजे. दोन्हींपैकी एक जरी होत नसेल तर तो थर शिळा आहे, मग कुणी फोनवर काहीही सांगो. एक तुकडा पूर्ण एच करून दिव्यासमोर धरला तरी बरंच कळतं, एफआर-४मधून उजेड येतो आणि आडवीउभी वीण दिसते, कागदी गाभ्याचा दुधट आणि अंधारा राहतो. लेबल नखाने चाचपते. द्रावण आधी काट्यावर जातं. वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला की पुरे. या चाचण्यांचं वापरलेलं द्रावण मात्र बेसिनमध्ये ओतू नका, त्यात विरघळलेलं तांबं पाण्यातल्या जिवांना मारतं. मोडलेल्या बोर्डाची काच बोटात जाते आणि धूळ छातीत, म्हणून हातमोजे आणि मास्क घालूनच मोडा.

नवा विक्रेता शोधला तेव्हा पैसे देण्याआधीच विचारलं, सील फोडून एक बोर्ड तपासला आणि खोटा निघाला तर बाकीचे परत घ्याल का, आणि हे बिलावर लिहून द्याल का. पहिल्या दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने लिहून दिलं, शिवाय त्याच गठ्ठ्यातला एक तुकडा कापून आधी पाठवला.

ते बोर्ड आल्यावर मी पहिला फोन त्या मुलीच्या आईला केला. मुलगी आली तेव्हा तिच्यासमोर दोन्ही पट्ट्या ठेवल्या आणि सांगितलं, त्या दिवशी तू बरोबर हलवत होतीस, माल खोटा होता, आणि तुला चुकीचं सांगितलं ते मी. तिने मोडलेल्या बोर्डाची कड बराच वेळ दिव्याजवळ धरून पाहिली. मग म्हणाली, "ताई, आतला कागद दिसतोय की." आणि हातमोजे घालायला गेली.